सोसेल असं ऑफिस: जळगावच्या डाळ मिलमधलं एक वर्ष

जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. मी तिथलं ऑफिस सांभाळते: पगार, जीएसटीचे कागद, रजा, चहापाणी, सगळं. मार्च २०२४ मध्ये आमच्या हिशोब विभागातल्या एका मुलीने राजीनामा दिला आणि तिला थांबवण्यासाठी सुरू केलेलं काम पुढे वर्षभर चाललं. ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाणं) असलेल्या माणसांना सोसेल असं ऑफिस कसं करायचं, याबद्दल जे वाचायला मिळतं ते मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारतींविषयी असतं. आमचं ऑफिस गोडाऊनला चिकटलेलं, अर्धं स्लॅबखाली, अर्धं पत्र्याखाली, मे महिन्यात भट्टी होणारं. अशा ठिकाणी हे करायला निघालेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. त्या मुलीने हे वाचून हो म्हटलं आहे.

राजीनाम्यात कारण होतं ‘घरगुती’. तुरीचा हंगाम होता, मिल दोन पाळ्यांत चालत होती, ट्रक रांगेत उभे होते. मी तिला बाहेर चहाला घेऊन गेले आणि विचारलं. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, “ताई, मशीनचा आवाज तुम्हाला थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो ना? मला तो पाच वाजेपर्यंत पहिल्यासारखाच येतो. वरून ट्यूब फडफडते, कूलर असतो, फोनवर सगळे ओरडतात. घरी गेल्यावर मी बोलूच शकत नाही.” कॉलेजात असताना पुण्यात तिचं ऑटिझमचं निदान झालं होतं. नोकरी मिळणार नाही या भीतीने तिने ते सांगितलं नव्हतं.

आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा त्रास होणं हा ऑटिझमचाच भाग आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या पुस्तिकेत २०१३ पासून हे लक्षणांमध्येच धरलेलं आहे. म्हणजे ही मुलगी नाजूक किंवा नखरेल नव्हती. तीन वर्षं ती रोज सोसत होती, आणि तेही आमच्यापैकी कुणाला न कळू देता.

आमच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांना मी तिच्या परवानगीने सांगितलं. ते म्हणाले, “पोरगी कामाची आहे. तिला काय लागतं ते विचार आणि कर. फक्त खर्च आधी सांगत जा.” राजीनामा फायलीत न लावता परत दिला.

त्याच आठवड्यात मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ वाचून काढला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्याच्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांच्या यादीत ऑटिझम आहे, लिहिण्यावाचण्याच्या विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहेत. एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. कायद्यातल्या भेदभावाच्या व्याख्येतच लिहिलंय की वाजवी सोयीसुविधा नाकारणं हाही भेदभाव. खासगी आस्थापनाही या कायद्यात येतात, आणि वीस किंवा अधिक माणसं कामाला असतील तर समान संधी धोरण लेखी, सविस्तर करावं लागतं. आम्ही हमाल आणि ऑपरेटर धरून वीसच्या बरेच वर आहोत. इतकी वर्षं हे धोरण आमच्याकडे नव्हतं आणि आसपासच्या कुणाकडे मी पाहिलंही नव्हतं.

एप्रिलमध्ये नाशिकहून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ) ताई एक दिवस येऊन गेल्या. फी आणि प्रवास मिळून साधारण सहा हजार. सगळ्या खर्चात हा सगळ्यात सत्कारणी लागला असं मला वाटतं. त्यांनी आधी त्या मुलीबरोबर दीड तास घालवला, मग ऑफिसात नुसत्या बसून राहिल्या. त्यांनी सांगितलं की काहींना संवेदना फार टोचतात, काहींना त्या कमीच पोचतात म्हणून ते शोधत फिरतात, आणि एकाच माणसाला आवाज नको पण हालचाल हवी, असंही असतं. हे ऐकून आमचा डिस्पॅचचा मुलगा स्वतःहून पुढे आला. त्याला आदल्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं होतं. त्याला शांत खोलीत बसवलं की काम होत नाही. थोडा आवाज, थोडं उभं राहणं, हातात काहीतरी लागतं. एकीला जे नको तेच दुसऱ्याला हवं. म्हणून ‘सगळ्यांसाठी एक शांत ऑफिस’ ही माझ्या डोक्यातली कल्पना तिथेच सोडून दिली आणि प्रत्येकाला आपल्या जागेपुरतं कमीजास्त करता यावं, असं ठरवलं.

भुसावळचे एक आर्किटेक्ट ओळखीचे होते. त्यांनी दोन गोष्टी वाचायला दिल्या. एक, ब्रिटनच्या मानक संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेलं पीएएस ६४६३ हे मार्गदर्शन, इमारती आणि न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे माणसामाणसाच्या मेंदूची वेगवेगळी घडण, याच विषयावरचं. दुसरी, इजिप्तच्या वास्तुरचनाकार मॅग्दा मुस्तफा यांची ऑटिझमसाठीच्या रचनेची सात सूत्रं. त्यातली दोन आम्हाला थेट लागू पडली: एका वातावरणातून दुसऱ्यात जाताना मधे थांबायला जागा असावी, आणि सगळं असह्य झालं तर निघून बसायला कोपरा असावा. पहिलं तर खानदेशात कुणालाही पटेल. दुपारी दोनला यार्डातल्या पांढऱ्या उन्हातून एकदम खोलीत शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आमच्या दारापुढे पाच फुटांची ओसरी होती, तिच्यात जुनी सायकल आणि तुटका काटा पडलेला होता. ते हलवलं, वर बांबूचा पडदा लावला, एक बाक ठेवला. खर्च नगण्य.

मग मोजणी. अमेरिकेच्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेचं आवाज मोजायचं ॲप आयफोनवर मोफत मिळतं. आप्पांच्या सुनेचा फोन घेतला आणि प्रत्येक टेबलावर वेगवेगळ्या वेळी आकडे लिहिले. मिल चालू असताना तिच्या टेबलाशी ७० डेसिबलच्या आसपास आवाज होता. कूलर फुल्ल केला की आणखी वाढायचा. तिने आपल्या वहीत वेगळी नोंद ठेवली: कुठला आवाज, किती वाजता, किती त्रास. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट दिसली जी एकट्या आकड्यांत दिसली नसती. मिलचा सतत येणारा घरघराट तिला थकवत होता, पण खरा घाव अचानकच्या आवाजांचा होता. पाळीचा भोंगा, ट्रकचा हॉर्न, स्पीकरवर टाकलेला फोन. भोंग्याची वेळ ठरलेली असली तरी ऑपरेटर दोन-चार मिनिटं मागेपुढे करायचा. त्याला नेमक्या वेळेवर वाजवायला सांगितलं आणि भोंग्याआधी ऑफिसात एक पिवळा दिवा लागेल असं वायरिंग करून घेतलं. आवाज तेवढाच आहे, पण तो येणार हे कळतं, तेवढ्याने तिचा अर्धा त्रास गेला असं ती सांगते.

मे महिना आला. त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि कूलर बंद करणं कुणाला शक्यच नव्हतं. दोन इन्व्हर्टर एसी बसवले, फिटिंगसकट साधारण ऐंशी हजार. आमच्या खर्चातला मोठा वाटा हाच, आणि खरं तर तो कधीतरी करायचाच होता. एसी बसवताना वाऱ्याचा झोत थेट कुणाच्या डोक्यावर येणार नाही, हे मिस्तरीला उभं राहून दाखवावं लागतं, नाहीतर तो त्याच्या पाइपाला सोयीची जागा धरतो. कूलर गेल्यावर त्याच्या ओल्या गवताचा कुबट वासही गेला. त्या वासाबद्दल तिने तक्रारच केली नव्हती, कारण असल्या गोष्टी बोलायच्या असतात हेच तिला माहीत नव्हतं.

उजेडाचं काम स्वस्तात झालं. तांब्याचा चोक असलेली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. बहुतेकांना ते दिसत नाही, काहींना डोकेदुखी होते, आणि चोक गुणगुणतो तो वेगळाच. एलईडी लावले, पण स्वस्त एलईडीही लुकलुकतात. दुकानातच दिवा लावून फोनच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायचा. उजेडात पट्टे किंवा फडफड दिसली तर तो दिवा घ्यायचा नाही. रंग ६५०० केल्विनचा निळसर पांढरा न घेता ४००० चा घेतला. एकाच बटणावर सगळे दिवे होते, ते चार बटणांवर वाटले. प्रत्येक टेबलाला स्वतःचा दिवा. भिंतींना चकाकी नसलेला रंग. गालिचा मात्र घातला नाही. डाळीची धूळ त्यात बसली की तो वासाचं घर होतो.

जूनमध्ये दार. मी भिंतीला काहीतरी लावायच्या तयारीत होते. पारोळ्याकडचे सुतारकाका आले, भिंतीला कान लावला, मग दाराला लावला आणि म्हणाले, “ताई, आवाज भितमाईन नही, दारमाईन ई ऱ्हायना.” नऊ इंची विटांची भिंत पुरेशी होती, दार पोकळ होतं आणि खाली बोटभर फट. भरीव दार, चौकटीला रबरी पट्टी, खाली दार लावल्यावर आपोआप टेकणारी पट्टी, मिळून अकरा-बारा हजार. त्याच टेबलावर पुन्हा मोजलं तर साधारण दहा डेसिबल कमी भरले, आणि दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. स्लॅबखालच्या भागात मिनरल फायबरचं छत घातलं, चौरस फुटाला शंभराच्या पुढेमागे. भिंतीवर रॉकवूलच्या, कापड चढवलेल्या चार चौकटी सुतारकाकांनीच बनवल्या. इथे कुणीतरी सुचवलं की आपल्याकडे कापूस इतका पिकतो, तोच भरा. कापूस आवाज शोषतो हे खरं, पण डाळीची धूळ उडणाऱ्या जागी भिंतीवर कापूस लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. रॉकवूल जळत नाही. अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल लावायच्या नादी लागू नका, त्याने बाहेरचा आवाज अडत नाही आणि ते लवकर पेट घेतात.

पत्र्याखालचा भाग तसाच राहिला, त्याचं पुढे सांगते.

विसावा खोलीसाठी जुन्या दप्तरांची कोठी रिकामी केली. सहा बाय आठ फूट. मंद होणारा दिवा, एक आरामखुर्ची, एक जड गोधडी, पाण्याचा माठ. कडी फक्त आतून, कॅमेरा नाही. आप्पांना बाहेर छान पाटी लावायची होती. ती म्हणाली, पाटी लावली तर मी कधीच आत जाणार नाही, कारण आत जाताना सगळे बघतील. पाटी नाही लावली. नियम एकच: आत कोण, का, किती वेळ, हे विचारायचं नाही. महिन्याभरात अर्धशिशीवाले आमचे वयस्कर कॅशियर आणि बाळंतपणाहून परतलेली एक जण तिथे जायला लागले, आणि मग खोली ‘तिची’ राहिली नाही, ते फार बरं झालं. ऑक्टोबरमध्ये मी रजेवर असताना कुणीतरी तिथे बारदानाचे गठ्ठे रचले. परत आल्यावर ते काढायला लावले आणि आप्पांनी गोडाऊनवाल्यांना स्वतः सांगितलं. हंगामात मोकळी जागा कुणालाही दिसते. खोली कशासाठी आहे हे मालकाच्या तोंडून एकदा सगळ्यांनी ऐकलेलं असावं.

बांधकामापेक्षा वास आणि फोन यांना जास्त वेळ लागला, कारण तिथे माणसांच्या सवयी होत्या. आप्पा रोज सकाळी गादीची पूजा करतात, अगरबत्ती आणि कापूर. त्याबद्दल मी बोलायला धजत नव्हते. शेवटी तिनेच एक चिठ्ठी लिहून त्यांना दिली. त्यांनी वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून पूजा साडेआठला, ऑफिस उघडायच्या आधी होऊ लागली. आत तुपाचा दिवा, अगरबत्ती मिलच्या दारावर. मला अजूनही ते आठवलं की भरून येतं. फिनाइल बिनवासाचं आणलं आणि पुसणं संध्याकाळवर नेलं. गोडाऊनमध्ये धुरी देतात तेव्हा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू विषारी आहे. हा सोयीचा नाही, जिवाचा विषय आहे. आता धुरीची तारीख आठवडाभर आधी फलकावर लागते आणि धुरीच्या काळात ऑफिसचे सगळेच घरून काम करतात.

फोनचं तर विचारू नका. डाळीच्या धंद्यात भाव ओरडूनच सांगायचा असतो अशी समजूत आहे. पहिल्यांदा नुसती विनंती केली, काही झालं नाही. मग ओसरीच्या कोपऱ्यात एक उंच टेबल, चार्जर आणि पंखा ठेवला आणि ठरलं की भावाचे फोन तिथे. एडीएचडीवाल्या मुलाने आपली जागा आनंदाने तिथेच हलवली. त्याला उभं राहायला मिळतं, येणंजाणं दिसतं. तो तिथे गेल्यावर बाकीचेही हळूहळू जाऊ लागले. पोळ्यापर्यंत कुठे हे अंगवळणी पडलं. याच सुमारास लेखी सूचनांचंही सुरू झालं: काम तोंडी सांगितलं तरी दोन ओळी व्हॉट्सॲपवर टाकायच्या, मीटिंगचे विषय आदल्या दिवशी. याचा फायदा मलाच सगळ्यात जास्त झाला. गणवेशाचा पॉलिस्टरचा शर्ट आणि त्याचं मानेला टोचणारं लेबल यावर मात्र पाच मिनिटांत निर्णय झाला, सुती शर्ट चालतो.

डब्याचंही सांगायला हवं. आपल्याकडे डब्यातलं वाटून खाणं ही माया आहे, आणि “घे ना गं, थोडंसं” याला नाही म्हटलं की माणूस दुखावतो. तिला ठेच्याचा वास आणि शेवभाजीवरच्या तर्रीचा तेलकट स्पर्श सोसत नाही. तिने एकदा सगळ्यांना सांगितलं की मी तुमच्या पंक्तीला बसेन, पण माझं मी खाईन. डिसेंबरात शेतावर भरीत पार्टी झाली तेव्हा ती तासभर आली, धूर येणार नाही अशा बाजूला बसली आणि निघाली. कुणी आग्रह केला नाही. गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तिने आधीच सुट्टी घेतली होती.

समान संधी धोरण नोव्हेंबरमध्ये पुरं झालं. चार पानांचं आहे, मराठीत. कुठल्या सोयी, कोणती पदं, निवड कशी, बढती-बदली, विशेष रजा, साधनं, आणि संपर्क अधिकारी कोण, हे नियमांत सांगितलेले मुद्दे त्यात यावे लागतात. संपर्क अधिकारी मीच. आम्ही एक ओळ आपली घातली: ऑफिसातली आवाज-उजेड-वासाची कुठलीही सोय मागायला प्रमाणपत्र किंवा निदान दाखवावं लागणार नाही. धोरण संकेतस्थळावर, आणि ते नसेल तर कामाच्या जागी सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं. आम्ही हजेरीच्या यंत्राशेजारी लावलं. एक प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे नोंदणीसाठी रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचपावती फायलीत जपून ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्राचं तिने स्वतंत्रपणे केलं, नोकरीसाठी नाही, स्वतःसाठी. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुने निदानाचे कागद. अर्जाला पैसे लागत नाहीत. तारीख मिळायला काही आठवडे, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात आणि लहानपणाबद्दलही विचारतात, म्हणून आई बरोबर होती. तिच्या तीन सूचना: कानावरचे हेडफोन नेणं, सांगायचं ते कागदावर लिहून नेणं, आणि मूळ कागदांच्या दोन झेरॉक्स ठेवणं, कारण बाहेरच्या गर्दीत आणि गोंगाटात ऐन वेळी शब्द फुटत नाहीत. दिव्यांगत्वाचं कार्ड २०२५ च्या सुरुवातीला आलं. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून १,२५,०००; पण फक्त जुन्या कररचनेत. दोन्ही रचना मांडून पाहिल्याशिवाय जुनी निवडू नका.

सगळा खर्च दोन लाखांच्या आत बसला. तिच्यासाठीचे आवाज कमी करणारे हेडफोन आठ हजारांचे, ते आम्ही शेवटी घेतले आणि मुद्दाम शेवटी. आधीच घेतले असते तर बाकी काही बदललंच नसतं. ‘हेडफोन दिलेत ना’ म्हणून विषय संपला असता.

आता पत्रा. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पत्र्याखाली समोरच्याचं बोलणंही ऐकू येईना. ती उठून विसावा खोलीत गेली, आणि त्या पावसाळ्यात पाऊस लागला की तिचं टेबल स्लॅबखाली हलवत राहिलो. पत्र्याला खालून छत घातलं तर मधल्या पोकळीत उष्णता कोंडते, म्हणून आधी पत्र्यावरून उष्णतारोधक थर आणि मग खाली रॉकवूल, असं आर्किटेक्टनी सुचवलं आहे. कोटेशन साठ हजारांचं आलं. आप्पांनी एप्रिलच्या बिलांनंतर हो म्हटलंय. मिस्तरीला मे २०२५ चा दुसरा आठवडा दिला होता, आणि तोवर तिचं टेबल स्लॅबखालीच ठेवायचं ठरलं.